एकही खाडा नको

हायबी, डेन्मार्क
१२ मार्च १९८५

ती. बाबा आणि आई यांना नमस्कार,

पोचलो. विमानात कानाला दडे बसले ते काल सुटले. किरस्टेन स्टेशनवर घ्यायला आली होती. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी अभ्यासाची वही घेऊन आपल्या चाळीत फिरायची, आईच्या खाणावळीत मांडी घालून बांगड्याचं तिखलं खाताना नाकाडोळ्यांतून पाणी काढायची, ती हीच का असं वाटलं, एवढी टापटीप दिसत होती. आईला तिने सलाम सांगितलाय.

तिच्या मामाच्या शेतावर मी ५ तारखेपासून कामाला लागलो. मामाचं नाव योर्गन. गायी आहेत, कोबी, बटाटे, गाजरं आहेत. शेतात खत, औषध काही मारत नाहीत, सगळं शेणावर. माझं सध्या शेणच चाललंय. बर्फ अजून आहे. राहायला वेगळी खोली, तीन वेळा जेवण. बाकीचं पुढे बघू म्हणतात.

मंजूला सांगा, चाळीतल्या पोरांनी निघताना घातलेला हार विमानतळावरच्या शिपायाने काढून घेतला.

तुमचा
रघू

*

काळाचौकी
२७ मार्च १९८५

चि. रघू यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. खालच्या राजारामने जिन्यातूनच बोंब मारली, ‘सीताराम, परदेशचं पत्र!’ तुझ्या आईने तव्यावरची भाकरी जाळली.

‘बाकीचं पुढे बघू’ म्हणजे काय ते मला कळलं. तू लाजून लिहिलं नाहीस, पण बापाला शिकवू नकोस. म्हणजे तू बदलीवर आहेस. त्यात लाज कसली? मी अकरा वर्षं बदलीत काढली. रोज सकाळी पास घेऊन गेटावर उभं राहायचं, कोणाचा खाडा पडला तर त्याच्या सांच्यावर कापड विणायला जायचं, नाही पडला तर पासावर शिक्का मारून घरी यायचं. पण शिक्का चुकवायचा नाही. ज्याची हजेरी सलग, त्याचं नाव वर. दोनशे चाळीस दिवस भरले की मालकाला कायम करायचं बघावंच लागतं.

मी एक्क्याऐंशीच्या डिसेंबरात कायम झालो, अठरा जानेवारीला संप झाला. पेढे वाटले त्यांच्या खोक्यात मंजू अजून बांगड्या ठेवते. माझं नशीब मरू दे. तू नीट कर.

आता हे कळव: तिथे हजेरी कोण घेतो? मुकादम कसा आहे? आठवड्याची सुट्टी धरतात की कापतात? आणि काहीही झालं तरी एकही खाडा नको.

बाबा

*

हायबी
१२ एप्रिल

ती. बाबा,

इथे मुकादम नाही, भोंगा नाही. योर्गन आणि त्याची बायको स्वतः आमच्याबरोबर शेणात उभी असतात आणि दुपारी एकाच टेबलावर जेवतात. सुट्टी अशी नाही, गायींना कुठला रविवार? योर्गन रोज संध्याकाळी एका वहीत लिहितो.

माझ्यासारखे आणखी येतात. इंग्लंडचा एक होता, जर्मनीच्या दोन मुली होत्या. पंधरा दिवस, महिना राहतात आणि जातात. मी आहे अजून.

आईची पाठ कशी आहे?

रघू

*

काळाचौकी
१ मे

चि. रघू यास,

वा रे पठ्ठ्या! मालक टेबलावर घेऊन जेवतो आणि स्वतः वहीत लिहितो म्हणजे तुझं नाव थेट त्याच्या हातात. मध्ये खायला मुकादम नाही. आणि ते इंग्लंडवाले, जर्मनीवाले गेले ना, जाऊ दे! जितके जातील तितका तुझा नंबर वर. त्यांना कुणी बाप नव्हता सांगायला.

रविवारची पण हजेरी धरतात म्हटल्यावर मी हिशेब केला. ५ मार्चपासून ३० ऑक्टोबरला तुझे दोनशे चाळीस भरतात. चुलीवरच्या खिळ्याला कॅलेंडर लावलंय, रोज सकाळी गोदामावर जाण्याआधी एक फुली मारतो. तुझी आई चहा गाळता गाळता विचारते, ‘किती रवले?’ आज एकशे ब्याऐंशी राहिले.

हसू येतं मला. माझ्या बापाने शेतात शेणच घातलं, त्याला कुणी नाव विचारलं नाही. मी ती शेती सोडून गिरणीत आलो. तू गिरणीच्या दारातून परत शेतात गेलास, ते पण बर्फात. आज कामगार दिन म्हणून मैदानात गेलो होतो. वीस-बावीस जण होतो. भाषणवाला आम्हाला ओळखतच नव्हता. कॉटन ग्रीनच्या गोदामावर दिवसपाळीचा पहारा आहे तो चाललाय. स्टूल दिलंय बसायला.

आईची पाठ बरी आहे.

बाबा

*

हायबी
८ जून

ती. बाबा,

बर्फ गेलं. आता इथे एवढा उजेड आहे की जेवून उठलो तरी ऊन असतं. बटाट्याची ओळ मी एकट्याने खुरपली, योर्गनने पाठीवर थाप मारली. त्यांच्या भाषेतले वीसेक शब्द येतात. मीही एक दिवस स्वयंपाक केला. मसाला कुठला मिळायला, नुसतं कांदा-बटाटं केलं. ते सगळे छान छान म्हणाले. मला मात्र आईच्या हातचं आठवत राहिलं.

खरं सांगू? तीन वर्षं आपल्याकडे सगळे बंद दारासमोर उभे होते. तुम्ही गेटासमोर, मी कामाच्या चिठ्ठ्या घेऊन नाही नाही त्या ऑफिसांसमोर. इथे सकाळी मी दार उघडलं की कुणीतरी म्हणतं, बरं झालं आलास. एवढ्यावर पण माणूस जगतो.

दोन पत्रांत आईने एक ओळ सांगितली नाही. रागावली आहे का?

रघू

*

काळाचौकी
३ जुलै

चि. रघू यास,

आई रागावलेली नाही. पोटात दुखतं म्हणत होती म्हणून परळला इस्पितळात नेली होती. गाठ आहे म्हणतात. औषध दिलंय. खाणावळ सध्या बंद ठेवली आहे. तसेही जेवायला उरले होते चारच, दोघे गावी गेले, आनंदा आणि शेजारच्या सुभद्राबाईंचा भाऊ तेवढे राहिले होते. चूल थंड असली की घर मोठं वाटतं एवढंच.

तू मनाला लावून घेऊ नकोस. बायकांचं काहीतरी चालूच असतं. आज एकशे एकवीस झाले. निम्म्याच्या पुढे गेलास!

ते ‘बरं झालं आलास’ म्हणतात ते चांगलंच आहे. पण तोंडाने काय, गिरणीतला माझा जॉबर, म्हणजे मुकादमच, मला ‘भाऊ’ म्हणायचा. वहीत नाव लिहितो की नाही ते बघत जा.

बाबा

*

हायबी
१७ जुलै

ती. बाबा,

गाठ म्हणजे कसली गाठ? डॉक्टर नक्की काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा. मंजूला लिहायला सांगा.

मी येऊ का? इथे विचारलं तर सोडतील. नाही म्हणणार नाहीत. तुम्ही नुसतं ‘ये’ असं लिहा, मी निघतो.

रघू

*

काळाचौकी
१ ऑगस्ट

रघू,

‘येऊ का’ असं परत लिहायचं नाही! ‘विचारलं तर सोडतील’ म्हणे. अरे, सोडतीलच. सोडायला काय जातं त्यांचं? हसत हसत जा म्हणतात आणि तुझी पाठ वळली की तुझ्या जागी दुसरा उभा असतो.

तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगतो. माझा बाप गेला तेव्हा बदलीत मला सहावं वर्ष होतं, नाव वरून तिसरं होतं. तार आली, मी गावी गेलो. दहावं, बारावं, तेरावं केलं, आईला एकटी टाकवेना म्हणून आणखी राहिलो. सव्वीस दिवसांनी गेटावर आलो तर नाव तळाला. माझ्यामागून लागलेला आनंदा माझ्या आधी तीन वर्षं कायम झाला. ते सव्वीस दिवस गेले नसते तर कायमची वर्षं तरी माझ्या गाठीला लागली असती. मी गावी जाऊन काय केलं? बाप तर आधीच गेला होता. त्याला मी दिसलोसुद्धा नाही.

म्हणून सांगतो, जी चूक मी केली ती तू करायची नाही. तुझ्या आईनेच काल सांगितलं, ‘तेका बोलवू नुको. तेचो खाडो पडात.’ तिला कळतं, तुला कळत नाही. तुझी आई माझी बायको आहे, मी आहे तिच्याजवळ. आज दीडशे झाले. नव्वद राहिले. दात-ओठ खा आणि रहा.

बाबा

*

हायबी
१८ ऑगस्ट

ती. बाबा,

तुमचं पत्र वाचलं. नाही येत.

आजोबांचं तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतं. मी गोठ्याच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं.

पत्राच्या कडेला, घडीच्या आत, मंजूच्या अक्षरात दोन-तीन शब्द होते, ते कुणीतरी शाईने गच्च खोडलेत. उजेडापुढे धरून पाहिलं, लागत नाहीत. काय लिहिलं होतं तिने?

आईला माझा नमस्कार. गाजरं निघायला लागलीत. मातीसकट गोड लागतात.

रघू

*

काळाचौकी
२४ सप्टेंबर

चि. रघू यास आशीर्वाद.

गणपतीच्या गडबडीत लिहायला उशीर झाला. मंजूने लिहिलं होतं तिकडची नेलपॉलिश पाठव म्हणून. मी खोडलं. भाऊ शेणात उभा आणि हिला नखं रंगवायची आहेत.

मंडळाने यंदा देखावा साधाच केला. पोरं म्हणाली, रघूदादा असता तर लायटिंग त्याने केलं असतं. तुझा स्वयंसेवकाचा बिल्ला अजून भिंतीवर आहे. आई दर्शनाला आली नाही, मंडळाच्या माणसांनी प्रसाद वर आणून दिला. बारीक झाली आहे, पण चेहऱ्यावर तेज आहे. तिच्या शब्दांत लिहितो: ‘झिलाक सांगा, थंयच्या थंडीत कान बांधून रव. आणि माझी काळजी करू नुको, मी खंय जातंय?’

दोनशे चार झाले. छत्तीस राहिले. तिला कॅलेंडर दिसावं म्हणून तिची गादी आता चुलीसमोर टाकली आहे. मी विसरलो तर तीच आठवण करते, ‘अहो, फुली मारूची रवली.’

बाबा

*

हायबी
१० ऑक्टोबर

आई,

हे पत्र तुला. बाबांनी तुला वाचून दाखवावं, मध्ये काही गाळू नये.

बटाटे काढून झाले. रिकाम्या वावरावर सकाळी पांढरं पडतं. मी कान बांधतो, खरंच बांधतो, किरस्टेनच्या आजीने लोकरीची टोपी दिली आहे, माकडासारखा दिसतो. रात्री खोलीत एकटा असलो की तुझ्या खाणावळीचा आवाज आठवतो. ताटं आपटण्याचा, आणि तू दारातून ‘कोण रवलो रे?’ ओरडायचीस तो.

बाबांना सांग, ३० तारखेनंतर मला एक गोष्ट सांगायची आहे. ती पत्रात कशी लिहावी ते कळत नाहीये. त्यांचे दिवस भरले की लिहीन.

तू मात्र बरी हो.

तुझा रघू

*

काळाचौकी
३० ऑक्टोबर १९८५

चि. रघू,

आज सकाळी शेवटची फुली मारली. तुझे दोनशे चाळीस भरले. एकही खाडा नाही. आता जे आहे ते सांगतो.

तुझी आई २१ तारखेला सकाळी गेली. जुलैतच डॉक्टर म्हणाला होता की दिवाळी बघणार नाही. तुला लिहिलं असतं तर तू धावत आला असतास, हे मला माहीत होतं. ती गेली त्या दिवशी मंजू तार करायला चपला घालून निघाली होती. मी तिला दारात अडवलं. नऊ दिवस राहिले होते रे! नऊ दिवसांसाठी सगळं वर्ष पाण्यात गेलं असतं. मंजू मला काय काय बोलली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, जेवण वाढते आणि गॅलरीत जाऊन बसते.

अग्नी मी दिला. दहाव्याला काकस्पर्श होईना. सगळे तुझं नाव घ्यायला लागले, रघूचं काहीतरी राहिलंय म्हणून. शेवटी मी मोठ्याने बोललो, ‘गुणवंती, तो कामावर आहे.’ तेव्हा शिवला.

ती समाधानाने गेली. कशी, ते तू येशील तेव्हा सांगेन. तुझं तिला लिहिलेलं पत्र त्याच सकाळी आलं, वाचून दाखवलं. काही गाळलं नाही.

तू रडून घे, पण कामावर जाऊन रड. कायम झाल्याचं पत्र हातात पडलं की रीतसर रजा टाकून ये. तू कायम झालास म्हणून चाळीत सगळ्यांना सांगितलंय.

बाबा

*

हायबी
११ नोव्हेंबर

बाबा,

काय लिहू? पत्र उघडलं तेव्हा सगळे टेबलावर होते. मी उठून बाहेर गेलो. योर्गन मागून कोट घेऊन आला, त्याने तो खांद्यावर टाकला आणि नुसता उभा राहिला.

आता मी लिहितो ते सगळं वाचा, मध्येच फाडू नका. इथे कायम असं काही नसतं. बदली नसते. नोकरीच नाही ही. जगभरातून लोक अशा शेतांवर हौसेने येतात, हात लावतात, जेवतात, झोपतात, आणि त्यांना वाटेल तेव्हा जातात. पगार कुणालाच नसतो. गणपतीत मी बिल्ला लावून गर्दी आवरायचो, तसा स्वयंसेवक आहे मी इथे, दुसरं काही नाही. योर्गनच्या वहीत हवा लिहिलेली असते. पाऊस किती, गाय कधी व्याली. आणि भांडी घासायची पाळी कुणाची. माझं नाव तेवढ्यापुरतं.

पहिल्या पत्रात मला लिहायला लाज वाटली. चाळीने हार घातला होता. मग तुमचं ते बदलीचं पत्र आलं आणि तुम्ही इतके खूश होतात बाबा, तीन वर्षांत तुम्ही तसं हसून काही लिहिलं-बोललेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आणखी थोडे दिवस राहू दे. इथे राहिलो तर कदाचित खरंच काहीतरी निघेल. काही निघालं नाही. डिसेंबरात काम संपतं, तेव्हा मला जावंच लागेल.

परतीचं तिकीट किरस्टेनने येतानाच काढून दिलं होतं. वर्षभर चालणारं. कुठल्याही दिवशी. पहिल्या दिवसापासून ते बॅगेत कपड्यांखाली आहे. जुलैत मी ‘येऊ का’ विचारलं तेव्हा मी ते पलंगावर काढून ठेवलं होतं. तुमचं पत्र आलं आणि मी ते परत आत ठेवलं. तुम्ही नको म्हणालात म्हणून नाही. आलो असतो तर तोंडावर सांगावं लागलं असतं, म्हणून. मंजूने नेलपॉलिश मागितली नव्हती हे मला तुमचं ते पत्र वाचतानाच कळलं होतं. कळून मी विचारलं नाही.

इथे कुणी मला अडवलं नसतं. भाकरी बांधून देऊन स्टेशनवर सोडलं असतं.

आता येऊ का? तेवढं कळवा.

रघू

*

काळाचौकी
२५ नोव्हेंबर

रघू,

पत्र गोदामावरच उघडलं. राजाराम तिकडून जात होता, त्याने घरी आलेलं पत्र हातात आणून दिलं, ‘कायम झाला ना पोरगा?’ विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. मग दिवसभर स्टुलावर बसून तेच वाचत राहिलो. ट्रकवाला भोंगा वाजवत होता, मला ऐकू आला नाही.

तुला शिव्या द्यायला बसलो होतो. दोन कागद फाडले. तुला काय देऊ शिव्या? तू लिहिलंस ‘पंधरा दिवस राहतात आणि जातात’. शहाण्या माणसाने तिथेच ओळखलं असतं. पण मला एकच काम माहीत आहे, ज्यात कोणीतरी वहीत आपलं नाव लिहितो. दुसरं काही असतं हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मालक टेबलावर घेऊन जेवतो, तरी मी त्याची वहीच बघत बसलो.

मंजूने ‘दादा ये’ लिहिलं होतं. दोनच शब्द. मी खोडले, हाताला शाई लागेपर्यंत खोडले. तुझं हे पत्र तिला वाचायला दिलं. वाचून तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, चुलीत घातलं आणि पेटवलं.

विचारतोस काय? ये. इथे काम नाही, हे तुला माहीत आहे. गिरणीचं गेट आता साखळीने बांधलंय. तरी ये.

आता ते समाधानाचं सांगतो, तोंडावर सांगायची माझी हिंमत होणार नाही. त्या सकाळी तुझं पत्र आलं. ‘३० तारखेनंतर एक गोष्ट सांगायची आहे’ ही ओळ वाचली आणि मला वाटलं, झालं! पोरगा नक्की झाल्याशिवाय असं लिहिणार नाही. तिचा श्वास वरच्या वर चालला होता. नेहमीसारखं तिने विचारलं, ‘किती रवले?’ नऊ म्हणायचं होतं मला. पण तिचं तोंड बघितलं आणि म्हटलं, ‘एकही नाही. भरले. रघू कायम झाला, पत्र आलंय.’ ती म्हणाली, ‘खरा?’ मी म्हटलं, खरं. पेढे आणायला वेळ नव्हता, मंजूने डब्यातली साखर आणली, मी चिमूटभर जिभेवर ठेवली. ती गिळता आली नाही तिला, ओठाला तशीच लागून राहिली. तासाभरात गेली.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिच्याशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. मला वाटलं, नऊच तर दिवसांचं आहे.

बाबा